रंगमंच हे औषध नव्हे, पण आधार जरूर

दिल्लीतील डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर दक्षिण आफ्रिकेच्या याएल फार्बर यांनी ‘निर्भया’ हे नाटक उभे केले. २०१३ मध्ये ते एडिनबर्गच्या महोत्सवात सादर झाले आणि २०१४ मध्ये मुंबईतही आले. त्यातील अभिनेत्री केवळ दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगत नव्हत्या. स्वतःवर झालेले अत्याचारही त्या रंगमंचावरून बोलत होत्या.

अशाने मनाची जखम भरते का? तीव्र आघाताची आठवण बरेचदा सलग गोष्ट म्हणून येत नाही. ती वास, आवाज, छातीतली धडधड अशा तुकड्यांनी येते आणि प्रसंग आत्ताच घडतो आहे, असे शरीर वागू लागते. झोप उडते, दचकणे वाढते, माणसे नकोशी होतात. बाह्यरुग्ण विभागात मात्र बाई ‘डोकं दुखतं’, ‘झोप नाही’ एवढेच सांगते. नाटक, नृत्य, चित्र किंवा भरतकामातून या तुकड्यांना आकार मिळू शकतो. काय सांगायचे आणि कुठे थांबायचे, हे तिच्या हाती राहते. अत्याचाराने हिरावलेला असतो तो नेमका हाच ताबा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा आरोग्याला होणारा उपयोग नोंदवला. तरीही आघातोत्तर तणाव विकारात भक्कम पुरावा आहे तो आघातकेंद्रित मानसोपचारांचा. कला ही त्यांना जोड आहे, पर्याय नव्हे.

यात धोकाही आहे. महिला दिनाला ‘पीडितेचे मनोगत’ ठेवून टाळ्या मिळवणे सोपे असते. पण पुरेशी तयारी नसताना प्रसंग पुन्हा उभा केला, तर जखम उघडी पडते. प्रेक्षक घरी जातात. पुढची रात्र तिला एकटीला काढावी लागते. म्हणून ऐनवेळी नकार देण्याची मुभा, नावाची गुप्तता आणि आधी-नंतर समुपदेशक, एवढे तरी आयोजकांनी पाळलेच पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितले. यातल्या फार थोड्या रंगमंचापर्यंत पोहोचतील. सरकारी दवाखान्यात मात्र अनेकजणी कधी ना कधी येतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात दोन दशकांपूर्वी सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने रुग्णालयातच अशा स्त्रियांना समुपदेशन देता येते, हे दाखवून दिले. नवरा आणि सासू बाहेर थांबतील अशी एक खोली, प्रशिक्षित समुपदेशक आणि ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ असे विचारून उत्तराची वाट पाहणारा डॉक्टर, एवढे प्रत्येक तालुका रुग्णालयात असायला हवे. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागतात ती मंजूर पदे आणि ती भरण्याची इच्छा.

मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ १४४१६ हे क्रमांक आहेत. ते जवळ ठेवा. आपल्याला नाही, तर शेजारणीला लागतील.