ताटातल्या सगळ्या मुलीच!

परवा कॅन्टीनमध्ये वांग्याची भाजी चिवडताना वाटलं, आपण ताटात काय आहे ते कधी नीट बघतो का? न्यो व्हान त्री यांनी बघितलं. व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बा रिया-वुंग ताऊ भागात वाळूत बिळं करून राहणारे सरडे खानावळीत मिळतात. त्री पडले सरीसृपांचे अभ्यासक. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेले सरडे बघून त्यांना खटकलं, हे सगळे अगदी सारखे कसे? या कुळातले नर रंगीत असतात. इथं तसा एकही नाही!

त्यांनी अमेरिकेतल्या ली ग्रिझ्मर आणि त्यांचा मुलगा जेसी यांना कळवलं. बाप-लेक 'आमच्यासाठी सरडे राखून ठेवा' असं फोनवर सांगून मोटरसायकल हाणत पोहोचले. तर मालकानं दारूच्या नशेत सगळे सरडे गिऱ्हाइकांना वाढून टाकलेले! कप्पाळ! मग दुसऱ्या खानावळी आणि गावातली पोरं कामाला आली. बरेच सरडे जमले. सगळ्या माद्या. 2010 साली नाव ठरलं, लायोलेपिस न्योव्हानत्रीआय. म्हणजे बायकांच्या या अख्ख्या जातीला नाव मात्र पुरुषाचं. असो.

नर नाही, मग पिल्लं? मादीचं अंडं फलन न होताच वाढतं. पिल्लू म्हणजे आईची झेरॉक्स. ही जात दोन वेगळ्या जातींच्या संकरातून आलेली. त्यातली आई कोण, तेही कळलंय, कारण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो.

हे लंचला सांगितलं तर आमची गँग खूश. 'वा! ना कांदेपोहे, ना पत्रिका!' मीही हसले. मावशीला हे कधी ऐकवते असं झालं होतं. पण झेरॉक्सची गोची अशी, की एकीला जो रोग मारेल तो सगळ्यांनाच मारू शकतो. वेगळी निघून तगणारी कुणी नाहीच. त्यात राहायला किनाऱ्यावरची थोडी वाळू आणि वरून मागणी ताटात.

आणि हो, आपल्याकडेही अशी एक बाई आहे. वाळा, तो गांडुळासारखा दिसणारा बिनविषारी साप. त्यातही सगळ्या माद्याच. कुंडीतल्या मातीत सापडतो आणि बिचारा चपलेखाली जातो. काल बाल्कनीतली तुळशीची कुंडी उकरली तेव्हा मी चप्पल लांब ठेवली होती.