वैमानिक नको म्हणणाऱ्यांना एक सवाल

विमान संगणकच उडवतो, मग वैमानिकाचा पगार कशाला, असे हल्ली विचारले जाते. विचारणाऱ्यांनी २८ ऑक्टोबर २०१८ ची रात्र आठवावी. बालीहून जकार्ताला निघालेल्या लायन एअरच्या बोइंग ७३७ मॅक्स विमानाचे नाक आपोआप खाली जात होते. एका सेन्सरने खोटी साक्ष दिली आणि एमकॅस या संगणकीय यंत्रणेने ती खरी मानली. वैमानिकांनी शेपटीची मोटर बंद केली, चाक हाताने फिरवत विमान सुखरूप उतरवले. दुसऱ्या सकाळी तेच विमान समुद्रात कोसळले. १८९ माणसे गेली. मार्च २०१९ मध्ये इथिओपियात आणखी १५७.

त्या विमानांतही वैमानिक होतेच की, असे कुणी म्हणेल. होते. पण पहिल्या अपघातापूर्वी या यंत्रणेबद्दल कंपनीने वैमानिकांना सांगितलेच नव्हते! माणसाला अंधारात ठेवायचे आणि वर तोच कुचकामी म्हणायचे, हा कुठला न्याय?

जानेवारी २०२१ मध्ये बोइंगने अमेरिकी सरकारशी करार केला, पैसे मोजले आणि फौजदारी खटला लांबणीवर टाकून घेतला. संगणकाला तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करताच येत नाही. मग वैमानिकाशिवाय उडालेले विमान पडले, तर आम्ही वकिलांनी फिर्यादीत आरोपी क्रमांक १ म्हणून कोणाचे नाव लिहायचे?