आई पिशव्यांजवळ बसली होती

घर रंगवायला काढलं म्हणून माळा रिकामा केला, तर त्यात मुलीची तिसरीतली निबंधाची वही निघाली. ‘आमची सहल’ असा निबंध. ‘रविवारी आम्ही नॅशनल पार्कला गेलो. बाबांनी गुहा दाखवल्या. डोंगरावर जांभळी फुले होती. बाबा म्हणाले, ही फुले आठ वर्षांनी येतात. आई पिशव्यांजवळ बसली होती. खूप मजा आली.’ बाईंनी ‘पिशव्यां’वरचा राहिलेला अनुस्वार लाल पेनानं दिला होता आणि खाली ‘छान’ असा शेरा मारला होता.

वही हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसले. पोरीनं तक्रार केलेली नव्हती. झाड होतं, माकड होतं, तशी पिशव्यांजवळ आई होती.

ती सहल २००८ सालची, गणपती झाल्यानंतरच्या रविवारची. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आमच्या घरापासून रिक्षेच्या अंतरावर. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं जास्त जंगल, पोटात तुळशी आणि विहार हे दोन तलाव, आणि मधोमध कान्हेरीच्या शंभरावर लेणी. एवढं उशाशी असून आम्ही वर्षानुवर्षं जात नव्हतो. त्या वर्षी कारवी फुलल्याचं पेपरात आलं आणि नवऱ्यानं ठरवलं की मुलांना दाखवायचीच. कारवी सात वर्षं नुसती पानं घेऊन उभी असते. आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर एकदम फुलतो, बी धरतो, आणि ती झाडं मरून जातात.

मी पहाटे साडेचारला उठले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, धाकट्यासाठी मऊ खिचडी, पाण्याच्या बाटल्या, दोघांचे जादा कपडे, सतरंजी, टॉवेल, औषधं. तीन पिशव्या झाल्या. कान्हेरीला पोहोचलो तर माकडं टपलेलीच. पिशवीवर लक्ष नसेल तर दोन मिनिटांत फडशा! मग कुणीतरी बसायला हवं होतं. अडीच वर्षांचा धाकटा पेंगुळला होता. ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, याची चर्चासुद्धा झाली नाही. मीच म्हटलं, तुम्ही जाऊन या. नवरा मुलीला घेऊन वर गेला, दीड तासानं दोघं लाल चेहऱ्यांनी, हसत खाली आले. मी पुऱ्या वाढल्या. संध्याकाळी घरी येऊन डबे घासले, चिखलाचे कपडे भिजत टाकले आणि रात्री शेजारणीला सांगितलं, ‘आज आम्ही सहलीला गेलो होतो.’

माझा नवरा दुष्ट नाही, उलट चळवळीतला आहे. मोर्च्यात पोर खांद्यावर घेऊन चालणारा. म्हणूनच हे लिहावंसं वाटतं. घरात कामाच्या वाटणीवरून आम्ही भांडलो, थोडीफार वाटणीही केली. पण सहलीला निघालो की ती वाटणी घरीच राहते, कारण सहल म्हणजे काम असं कुणाला वाटतच नाही. देशाच्या २०१९च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटं. सहलीच्या दिवशी पहाटे लाटलेल्या पुऱ्यांची मिनिटं या २९९मध्ये धरायची, हे बाईच्या स्वतःच्याही ध्यानात येत नसेल. ती म्हणेल, छे, तो तर सुट्टीचा दिवस!

आता कुणी म्हणेल, मुलांना तर जंगल दिसलं ना? दिसलं, पण कसं दिसलं ते पाहू. लहान मुलांबरोबर रानात चाललेल्या कुणालाही विचारा. त्यांना लेणी नको असतात, ‘पॉइंट’ नको असतो. त्यांना मुंग्यांची रांग हवी असते. हात लावला की गोल गुंडाळी होणारा तो लांबट किडा हवा असतो, लाजाळू पुन्हापुन्हा मिटवायची असते, ओढ्यातला खेकडा दगडाखाली गेला की तो बाहेर यायची वाट बघायची असते. दहा पावलांना अर्धा तास लागतो. आपण मोठी माणसं मात्र पोहोचायच्या घाईत. बापाला वर जायचं असतं, आईला खाली बसायचं असतं, आणि मुंग्या दोघांच्या मध्ये कुठेतरी राहून जातात.

आणि चिखल! माझा स्वतःचा गुन्हा इथे कबूल करते. त्या दिवशी ओढ्याशी मुलीला मी तीनदा ओढून मागे आणलं. ‘फ्रॉक खराब होईल, पाय घसरेल, मुलीच्या जातीला शोभत नाही’ यातलं शेवटचं वाक्य मी तोंडानं बोलले नाही, पण दोन वर्षांनी तिथंच धाकट्याला मी तसं ओढलं नाही हेही खरं. शिबिरात मुलींच्या वाढवण्याबद्दल बोलणारी मी! नंतर विचार केला तेव्हा कळलं की माझ्या त्या ‘नको’मध्ये अर्धी परंपरा होती आणि अर्धा साबण. चिखल मुलाच्या अंगाला लागतो, तो धुवायचा मात्र आईनं असतो. जिला कपडे धुवायचे आहेत ती मुलाला चिखलात कशी सोडेल? मुलांना निसर्ग दाखवा म्हणून आयांना उपदेश करणाऱ्या लेखांत हा धुण्याचा प्रश्न मला कधी वाचायला मिळालेला नाही.

आपल्या बैठकीत सहलीचा विषय काढला तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणीतरी हसतं. रेशनचा प्रश्न आहे, मारहाणीच्या केसेस आहेत, आणि ही म्हणते फुलं बघायला जाऊ. झाडंपानं हा सुखवस्तू लोकांचा विषय, असं आपणही धरून चालतो. मीही वीस वर्षं तसंच धरलं. पण बाई घराबाहेर कशासाठी पडते याची यादी करा. काम, बाजार, दवाखाना, शाळा, देऊळ, मयत. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११च्या ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईच्या बायकांबद्दल हेच मांडलं. बाई रस्त्यावर दिसली तर तिच्याजवळ कारण असावं लागतं, उगाच रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. बागेत मूल हे आईचं कारण असतं. मुलाचा हात सोडून ती एकटी ओढ्याकाठी दगडावर बसली तर बघणारे लगेच बघायला लागतात.

म्हणून २०२४ साली पुन्हा कारवी फुलली तेव्हा आमच्या वस्तीतल्या गटाच्या बैठकीत मीच हट्ट धरला. मधला २०१६चा बहर मी हुकवला होता, सासूबाई अंथरुणावर होत्या. या वेळी नऊ बायका आणि बारा मुलं निघालो, सगळ्यात लहान तीन वर्षांचं. नवरात्राच्या आधीचा रविवार होता. त्याच आठवड्यात मुंबईला पावसानं झोडपून काढलं होतं, त्यामुळे ओढे भरून वाहत होते. नियम दोनच. घरून स्वयंपाक करून आणायचा नाही, आणि मुलांना जुन्यातले जुने कपडे घालायचे. केळी, शेंगदाणे, चुरमुरे प्रत्येकीच्या खांद्याच्या पिशवीत. काकड्या वाटेवर विकणाऱ्या बायकांकडून घेतल्या. राखायला पिशव्याच नव्हत्या!

‘मला काय झाडांतलं कळतंय’ असं सगळ्या म्हणत होत्या. पुस्तक एकीकडेही नव्हतं. आमच्यातली एक मुरबाडकडची, चार घरी भांडी घासते. कारवीच्या झुडपाशी आलो तशी ती थांबली आणि मुलांना म्हणाली, ‘ह्याच्या काठ्यांचं आमचं घर होतं.’ कूड कसा विणतात, त्यावर शेणमाती कशी लिंपतात, फुलोऱ्याच्या वर्षी मधमाश्या कशा तुटून पडतात, सारं सांगत सुटली. टाकळा कुठला, कुर्डू कुठली, शेवळाची भाजी खाजू नये म्हणून काय घालायचं. मुलं तिला सोडेनात. तिची स्वतःची दहा वर्षांची मुलगी आईकडे अशी बघत होती, जणू ही बाई तिनं आधी पाहिलीच नव्हती. जिला शाळेच्या सभेत मागच्या बाकावर बसवतात, तिच्याकडे एवढं असतं, हे पोरीला घरात कसं दिसणार?

दुसरी एक मात्र फाटकापासूनच गप्प होती. तिचं माहेर उद्यानाच्या हद्दीतल्या झोपड्यांत होतं. १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथली हजारो घरं पाडली गेली, त्यात तिच्या आईचंही. तिकीट काढताना ती एवढंच म्हणाली, ‘आता आत यायला पैसे द्यायचे.’ जंगल राखायला नको असं मी म्हणत नाही. दोन कोटींच्या शहराला हेच जंगल थोडा श्वास देतं. पण आमच्या मुलांना जे रविवारचं कौतुक आहे, ते आतल्या वारली पाड्यांवरच्या बायकांचं रोजचं सरपण-पाणी आहे, आणि मोळी आणली म्हणून गुन्हेगार त्याच ठरतात. मुलांना पक्ष्यांची नावं सांगताना हेही सांगायला हवं. आम्ही सांगितलं. सात वर्षांच्या एकानं विचारलं, ‘मग ते लोक आता कुठे राहतात?’ उत्तर देताना आमची तारांबळ उडाली.

संडासाबद्दल न लिहिता हा लेख पुरा करता येणार नाही. नऊ जणींपैकी सहा जणींनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. जाऊ तिथे सोय असेल की नाही, असली तर आत पाय ठेववेल की नाही, ही धास्ती. एकीची पाळी सुरू होती, ती तर येणारच नव्हती. बाईला जंगलात आठ तास राहायचं असेल तर तिनं तहान मारायची, असाच हिशेब. ‘मिळून साऱ्याजणी’नं केलेल्या याचिकेवर २०१५च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहांचे आदेश दिले. मुंबईत त्याआधी २०११पासून ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू होती. त्या मागण्यांत आपण रस्ते, बाजार, स्टेशनं म्हणतो. बागा, लेणी, अभयारण्यंही म्हणायला हवं. जागोजाग पाणी आणि दार नीट लागणारा संडास असेल तर कितीतरी आया मुलांना घेऊन एकट्यादुकट्या निघतील, नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघणार नाहीत.

त्या दिवशी मी कान्हेरीच्या वर गेले. पाण्याच्या पोढी ओलांडून, थांबत, गुडघ्याला हात लावत. फुलं होती. जांभळी-निळसर, उतारभर, आणि त्यांच्यावर माश्यांचा एवढा गुणगुणाट की मुलं आपोआप हळू बोलायला लागली. मी खाली बसले आणि पंधरा-वीस मिनिटं काहीच केलं नाही. मुलं ओढ्यात होती, दोघी त्यांच्याजवळ होत्या, मग त्यांची पाळी आली तेव्हा मी गेले. संध्याकाळी घरी येऊन चोवीस वर्षांच्या मुलीला सांगितलं, ‘बघितली गं कारवी.’ ती म्हणाली, ‘म्हणजे तेव्हा तू बघितलीच नव्हतीस?’ तिच्या लक्षातच नव्हतं.

पुरुषांना बरोबर घ्यायचं की नाही यावर आमच्या गटात अजून एकमत नाही. काही जणी म्हणतात, नकोतच, ते आले की आपण पुन्हा वाढपी. मला ते पटत नाही. मुलं दोघांची आहेत आणि बापाला पिशव्यांजवळ बसलेला बघणं हेही मुलांचं शिक्षणच आहे. जानेवारीतल्या सहलीला तीन नवरे आले. एकाला आम्ही झाडाखाली पिशव्या आणि दोन झोपलेली पोरं देऊन बसवलं आणि सगळ्या पुढे गेलो. वीस मिनिटांत त्याचा फोन : ‘अजून किती वेळ लागेल?’ बायकोनं सांगितलं, ‘दीड तास,’ आणि फोन पिशवीत टाकला.