अर्ध्या वाट्याचा हिशेब

दिवाळीच्या रात्री पत्ते पिसणाऱ्या घरांना तीन पत्तीतील ‘मुफलिस’ हा प्रकार अपरिचित नाही. एरवी ज्या पानांना कोणी विचारीत नाही ती त्या डावापुरती श्रेष्ठ ठरतात आणि राजा रंक होतो. परंतु राजा आणि रंक या दोघांनाही एकाच डावात, एकाच राशीतून निम्मानिम्मा हक्क मिळण्याची व्यवस्था पाहावयाची असेल, तर अमेरिकेत रूढ झालेल्या ‘ओमाहा हाय-लो’ या पोकरच्या प्रकाराकडे वळले पाहिजे. प्रथमदर्शनी उदार वाटणारा हा खेळ अत्यंत काटेकोर आहे, आणि डाव वेळीच सोडून देण्याची विद्या हीच त्याची खरी विद्या, असे माझे मत आहे.

प्रत्येकास चार पाने वाटली जातात. मग मध्यभागी प्रथम तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच सामायिक पाने उघडी मांडली जातात, आणि पाने वाटल्यावर व नंतरच्या दर उघडणीस पैज वाढविण्याची, तितकीच भरण्याची वा डाव सोडण्याची पाळी सर्वांवरून फिरते. अखेरीस राशीचा एक निम्मा भाग सर्वांत वरचढ पंचकास आणि दुसरा सर्वांत हलक्या पंचकास मिळतो. मात्र हलके पंचक ग्राह्य ठरण्यास त्यातील पाचही पाने भिन्न अंकांची आणि अठ्ठीच्या वर न जाणारी असावी लागतात. एक्का वरच्या बाजूस सर्वांत मोठा, खालच्या बाजूस सर्वांत लहान. सलग किंवा एकरंगी असणे हा खालच्या बाजूस दोष नाही, म्हणून एक्क्यापासून पंजीपर्यंतची पाच पाने हे तेथील सर्वश्रेष्ठ पंचक होय. सामायिक पानांत अठ्ठीपर्यंतची तीन भिन्न अंकांची पाने आलीच नाहीत, तर खालच्या बाजूचा दावा रद्द होऊन सारी रास वरच्या पंचकाकडे जाते.

या साऱ्यात नवख्यास चकविणारी शर्त एकच: हातातील नेमकी दोन आणि पटावरील नेमकी तीन पाने घ्यावयाची, एक कमी नाही की एक अधिक नाही. हातात बदामाचा एक्का असून पटावर बदामाची चार पाने पडली, तरी हातात दुसरे बदाम नसल्यास तो रंग होत नाही. दोन्ही बाजूंसाठी हातातील निरनिराळ्या जोड्या वापरण्याची मात्र मुभा आहे.

गेल्या दिवाळीत बहीण, भाचा आणि मी असे तिघे चिंचोके घेऊन हा खेळ खेळत होतो. पटावर तिर्री, छक्की, सत्ती आणि दोन राजे होते. माझ्या हातात एक्का-दुर्री, म्हणजे खालच्या बाजूस याहून हलके पंचक कोणाचेच होणे शक्य नव्हते, आणि त्या खात्रीवर मी पैज भरीत गेलो. प्रत्येकाचे चाळीस, अशी एकशे वीस चिंचोक्यांची रास जमली. बहिणीने राजा-सत्ती दाखवून तीन राजे व दोन सत्त्यांच्या जोरावर साठ उचलले. आणि भाच्याने पाने उलटली तो त्याच्याकडेही एक्का-दुर्रीच! उरलेल्या साठांचे तीस-तीस झाले. आम्ही दोघे खालच्या बाजूचे अजिंक्य, तरी प्रत्येकी दहा चिंचोक्यांनी गरीब झालो.

हातात आलेल्या वाट्याकडे पाहून हर्ष मानणारा मनुष्य आपण भरले किती याची रुजवात घालीत नाही, आणि अर्ध्याच्या आशेने निघून चतकोरावर येतो. म्हणूनच जाणकार खेळाडू आरंभीच असा हात निवडतात की ज्याला दोन्ही बाजूंवर दावा सांगता येईल: दोन एक्के, दुर्री, तिर्री, आणि एक्क्यांना आपापल्या रंगाची जोड. सात, आठ, नऊ यांची मधली पाने वरही अपुरी आणि खालीही अपुरी, म्हणून ती टाकून देतात. शिवाय एक्का-दुर्रीची शाश्वतीही शेवटच्या पानापर्यंतच: पटावर तिर्री, सत्ती, अठ्ठी, राणी असताना पाचवे पान दुर्री आले, की एक्का-पंजी धरणारा सहज पुढे जातो.

अशी निवड हे कौशल्यच; पण 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरविला, तेव्हापासून ‘कौशल्य’ हा शब्द पैसे लावून खेळण्याची सनद म्हणून पुढे केला जात आला आहे. 2025 च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशाच्या खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा भेद मोडीत काढला, याचे मला दुःख नाही. कारण कौशल्य खरे असेल तर ते चिंचोक्यांवरही तितकेच कसोटीस लागते, आणि संसार बुडविल्यावाचून शिकता येते. मुलांना वाटणीचा हिशेब आणि त्यागाचे मोल एकाच बैठकीत शिकविणारा हा खेळ त्यांच्यापासून दडवून ठेवू नये. पैसा मात्र त्यापासून दूर ठेवावा.

त्याच रात्री उशिरा भाच्याच्या हातात पुन्हा एक्का-दुर्री आली, सोबत दोन बिनकामाची पाने. बहिणीने पैज वाढविली, मीही वाढविली. त्याने आम्हा दोघांच्या राशींकडे पाहिले, क्षणभर बोटांवर काही मोजले, आणि चारही पाने पालथी ठेवली. डाव संपल्यावर मी माझी एक्का-दुर्री त्याला दाखविली, तेव्हा तो हसला नाही. आपले चिंचोके त्याने पुन्हा एकदा मोजून पाहिले.