मदतनीस कुणाला म्हणता?

‘विज्ञानात बाई-पुरुष असा भेद नसतो,’ असं सभेत कुणीतरी हमखास ऐकवतं. मैत्रिणींनो, त्यांना फ्रान्सियमची गोष्ट सांगा.

फ्रान्सियम हे जड, किरणोत्सारी मूलद्रव्य. त्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारही दर 22 मिनिटांनी निम्मा होतो. त्यामुळे ते साठवता येत नाही; प्रयोगशाळेत बनवायचं आणि लगेच पकडायचं. निर्वात पोकळीत लेसरचे किरण आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या कोंडीत हे अणू जवळजवळ स्थिर धरतात. अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात 1990च्या दशकात हे साधलं. पुढे कॅनडात व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेतही हे काम सुरू झालं. कशासाठी? निसर्ग डावं-उजवं यांत थोडा भेद करतो. जड अणूत तो अधिक ठळक होतो. तो अचूक मोजायचा आहे.

हा भेद आहे, हे 1957 साली चिएन-शिउंग वू यांनी सहकाऱ्यांसह प्रयोगाने दाखवलं. त्याच वर्षीचं नोबेल मिळालं ली आणि यांग या दोन पुरुषांना. कल्पना त्यांची होती, हे मान्य. पण ती खरी करून दाखवणाऱ्या हातांचं काय?

आणि फ्रान्सियम शोधलं कुणी? 1939 मध्ये, मार्गरीत पेरे यांनी. पॅरिसच्या रेडियम संस्थेत त्या मेरी क्यूरींच्या मदतनीस म्हणून लागल्या, तेव्हा वय 19. शोध लागला तेव्हाही विद्यापीठाची पदवी नव्हती. डॉक्टरेट मिळाली 1946 मध्ये. ज्या फ्रेंच विज्ञान अकादमीने 1911 मध्ये खुद्द मेरी क्यूरींना नाकारलं, तिने 1962 मध्ये पेरेंना घेतलं. पहिली बाई, पण पूर्ण सदस्य नव्हे, संलग्न! तोवर किरणोत्साराने त्यांचं शरीर पोखरलं होतं. 1975 मध्ये त्या कॅन्सरने गेल्या.

बाईचे हात चालतात, तिचं शरीर झिजलेलं चालतं. नावाची वेळ आली की ती ‘मदतनीस’!

आता आपल्याकडे बघू. वस्तीत घरोघर फिरून माहिती आणणारी कार्यकर्ती आपल्या अहवालात कुठे असते? शेवटच्या पानावर, ‘सहकार्याबद्दल आभार’ या ओळीत. असे अहवाल मीही लिहिलेत. एम.एस.डब्ल्यू. माझ्याकडे होतं, म्हणून वर नाव माझं आलं. प्रश्न कसे विचारायचे, हे मला तिनेच शिकवलं होतं.

अकादमीला जाब विचारायचा, तर आपल्या मुखपृष्ठापासून सुरुवात करू. पुढच्या अहवालावर तिचं नाव घाला, पहिल्या पानावर.