फोन आजींच्याच हातात राहू द्या

नोव्हेंबर आला की आपल्या इंदूरच्या मंडळीतले केंद्र सरकारचे पेन्शनर आजी-आजोबा हयातीच्या दाखल्यासाठी नातवाला शोधतात. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’वर घरबसल्या देता येतो, ऐंशी ओलांडलेल्यांना तर १ ऑक्टोबरपासूनच. नातू फोन घेतो, दोन मिनिटांत काम उरकतो. आम्हाला हे पटत नाही. बोट त्यांचेच फिरू द्या. संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो का, ते त्यांनाच वाचायला सांगा. पवित्र शास्त्रातले वचन क्षणात काढून देणाऱ्या आजींना हे जड नाही. घाई आपल्यालाच असते. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३०. हा आकडा त्यांच्या ‘उपासना संगीता’च्या कव्हरच्या आत मोठ्या अक्षरांत लिहून द्या.