दहा लाखांच्या खालची गावे

बारामतीचा विकास झाला, असे म्हणण्याची आता एक रीतच पडून गेली आहे. पाहुण्यांना भिगवण रस्त्याने फिरवून आणावे, उद्वाहनाच्या सात-सात मजली इमारती दाखवाव्यात, वातानुकूलित किराणा भांडारातील परदेशी फळांच्या राशी दाखवाव्यात आणि ‘हे पूर्वी खेडे होते’ असे अभिमानाने सांगावे, म्हणजे विकासाचा पुरावा पुरा झाला. इंदापूरही आता त्याच वाटेला लागले आहे. संत तुकाराम महाराज पालखी मार्ग रुंद झाला आणि त्याच्या कडेच्या शेतांत ‘बिगरशेती प्लॉट विकणे आहे’ हे फलक उसापेक्षा दाट उगवले. या फलकांपुढे उभे राहून प्रश्न विचारणाऱ्याला विकासाचा शत्रू ठरवले जाते. तरीही प्रश्न विचारलाच पाहिजे : हे नवे गाव कोणासाठी उभे राहत आहे?

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. शिक्षकाने, परिचारिकेने वा कारखान्यातील कारकुनाने पक्क्या घरात राहू नये, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. पत्र्याच्या खोलीत दारिद्र्य असते, पावित्र्य नसते. तक्रार इमारतीच्या उंचीविषयी नाही. जी जमीन, जे पाणी आणि जे रस्ते सार्वजनिक श्रमांतून व सार्वजनिक पैशातून मोलाचे झाले, त्यांचे मोल कोणाच्या तिजोरीत जाते, याविषयी ती आहे.

या भागाची भरभराट कोणा बिल्डरच्या कल्पकतेतून झालेली नाही. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला, तेव्हा बारामती-इंदापूरच्या माळावर बागायत आली. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचे सहकारी साखर कारखाने सभासदांच्या भागभांडवलावर आणि शासनाच्या हमीवर उभे राहिले. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, त्यासाठी इंदापूर तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली. दुष्काळाच्या वर्षी जलाशय आटला की पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर आजही त्या त्यागाची साक्ष देते. औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी संपादन झाल्या त्या शासनाच्या अधिकाराने. धरणग्रस्ताचे घर, ऊसतोडणी मजुराची पाठ आणि करदात्याचा पैसा या तिहींच्या जोरावर येथील एका गुंठ्याची किंमत वाढली. ती वाढ मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव योग्य वेळी चढले, त्याच्याच खिशात गेली. ज्याने काही पिकवले नाही आणि काही घडवले नाही, त्याला केवळ मालकीबद्दल मिळणाऱ्या या मोबदल्याला अर्थशास्त्रात अनर्जित उत्पन्न म्हणतात. बारामतीत त्याला विकास म्हणतात.

आता हे घर विकत कोण घेऊ शकतो, ते पाहावे. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांप्रमाणे महानगरांबाहेर ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राचे व ४५ लाख रुपयांपर्यंत किमतीचे बांधकामाधीन घर ‘परवडणारे’ समजले जाते आणि त्यावर केवळ १ टक्का कर आकारला जातो. दरमहा १५ हजार रुपये मिळवणाऱ्या कंत्राटी कामगाराने यातले ४५ लाखांचे घर घ्यायचे ठरवले, तर पोटात अन्नाचा कण न घालता त्याला तीनशे महिन्यांचे, म्हणजे २५ वर्षांचे पूर्ण वेतन द्यावे लागेल. सरकारच्या लेखी हे त्याला ‘परवडते’. अर्थात तो ते घेत नाही. तो गावाच्या कडेला गुंठेवारीतला तुकडा घेतो, जिथे रस्ता नाही, गटार नाही. किंवा कसब्यातील वा आमराईतील एखाद्या खोलीत दुसऱ्या कुटुंबाबरोबर राहतो. इमारतीच्या भिंती रचणारा गवंडी आणि बिगारी तर तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये असतो आणि रंगाचे काम संपले की तेथूनही उठवला जातो.

या अन्यायाला कायद्यात उत्तर नाही काय? आहे, पण ते बारामतीसाठी नाही. राज्याने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली. त्यात ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पात २० टक्के वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी ठेवण्याचे बंधन घातले. परंतु ते घातले दहा लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांना. २०११ च्या जनगणनेत बारामती नगरपालिकेची लोकसंख्या ५४ हजार आणि इंदापूरची २५ हजारांच्या आसपास होती. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदाही असल्या गावांना कधी लागू नव्हता, आणि राज्याने २००७ साली तो रद्दच केला. किराणा व्यापाराची कथाही हीच. २०१२ साली केंद्राने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी भांडवलाला दार उघडले, तेव्हा दहा लाखांवरच्या शहरांची मर्यादा घातली. देशी साखळी दुकानांना मात्र गावाची लोकसंख्या कोणी विचारत नाही. थोडक्यात, भांडवलाला बारामती पुरेशी मोठी आहे आणि संरक्षणाला पुरेशी लहान आहे! कायद्याची नजर दहा लाखांच्या खाली उतरत नाही, आणि नफ्याची नजर नेमकी तेथेच स्थिरावते.

नव्या किराणा भांडारांचे समर्थन करणारे म्हणतात की, तेथे माल स्वच्छ असतो, वजन खरे असते आणि ग्राहकाला निवड मिळते. यात तथ्य नाही असे नाही. जुना वाणी हा काही संत नव्हता. त्याच्या उधारीच्या वहीत हिशेबापेक्षा दडपणच अधिक असे. परंतु ती वही उसाच्या पहिल्या उचलीपर्यंत थांबत होती. तोडणीनंतर चौदा दिवसांत शेतकऱ्याला रास्त व किफायतशीर दर चुकता झाला पाहिजे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बिल रखडले की शेतकऱ्याच्या आणि त्याच्याकडे राबणाऱ्या मजुराच्या घरची चूल त्या वहीवर पेटत असे. नव्या भांडारात थांबण्याची सोय नाही. तेथे रोख मोजणारालाच प्रवेश आहे. दारावर पाटी नसली, तरी रखवालदाराची नजर ती पाटी वाचून दाखवते.

आणि निवड कोणाची? निमगाव केतकीची पाने, बोरीची द्राक्षे आणि इंदापूरची डाळिंबे पिकवणारा शेतकरी या दुकानाच्या खरेदी विभागापुढे दर ठरवू शकत नाही. एकच मोठा गिऱ्हाईक अनेक लहान विक्रेत्यांपुढे उभा राहिला की भाव कोण पाडतो, हे सांगायला पदवी लागत नाही. शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि काचेच्या पेटीवर चिकटवलेला भाव यांतील अंतर हेच या झगमगाटाचे भाडे आहे. दरम्यान त्या इमारतीसमोर भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या स्त्रीला ‘अतिक्रमण’ म्हणून हाकलले जाते.

याला पर्याय जुना वाणी नव्हे. पर्याय सहकार हाच आहे. १९४८ साली मुंबईतील नायगावच्या कामगार वस्तीत अपना बाजार उभा राहिला, तो कामगारांच्या सहकारी ग्राहक संस्थेतून. पुढे त्यालाही तोट्याचे दिवस पाहावे लागले. परंतु खऱ्या वजनासाठी व रास्त भावासाठी भांडवलदाराची गरज नसते, हे त्याने सिद्ध केले. घरांच्या बाबतीतही असेच घडले. ऐंशीच्या दशकात मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत लढा देऊन गोरेगावच्या दिंडोशीत अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी सहा हजारांवर घरे उभी केली. ज्या तालुक्यांनी उसाचे सहकारीकरण करून दाखवले, त्यांनी घर आणि धान्य यांपाशीच सहकाराला रजा का द्यावी? उत्तर सरळ आहे : उसाच्या सहकारात नेतृत्वाला सत्ता मिळत होती, घराच्या सहकारात ती सामान्यांना मिळेल.

‘कर वाढतो, रोजगार वाढतो’ हा अखेरचा युक्तिवाद. कर वाढतो, मग तो कुठे खर्च होतो? शहराला पिण्याचे पाणी नीरा डाव्या कालव्यातूनच मिळते; त्याच तालुक्यात सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि कालव्याच्या शेपटाकडील इंदापूरचा शेतकरी आवर्तनासाठी रस्त्यावर उतरतो. रोजगार वाढतो, पण त्या रोजगारावर जगणाऱ्याला त्याच गावात छप्पर मिळत नाही. १८६५ साली स्थापन झालेल्या बारामती नगरपालिकेला दीडशे वर्षांची परंपरा आहे. पण २०१६ साली निवडून आलेल्या सभागृहांची मुदत संपल्यावर या नगरपालिकांचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. परवाने देण्याचे काम मात्र या काळात थांबल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ हळहळत बसून चालणार नाही. मागण्या स्पष्ट आहेत. २० टक्के घरांचे बंधन लोकसंख्येची अट काढून नगरपालिकांनाही लागू झाले पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याला दहा लाखांची अट नाही. तेव्हा विक्रेत्यांचे सर्वेक्षण झाल्यावाचून एकही पाटी उठवता कामा नये, आणि नगर विक्रेता समितीत विक्रेत्यांचे चाळीस टक्के प्रतिनिधी निवडून आलेच पाहिजेत. बांधकामाच्या खर्चावरील १ टक्का उपकरातून नोंदणीकृत मजुराला त्याचा हक्क मिळाला पाहिजे, आणि नोंदणी कामाच्या जागेवर झाली पाहिजे. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरजवळ रत्नपुरी मळ्यावर राज्य शेती महामंडळाची जमीन आहे; तेथे पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कामगारांची घरासाठी दोन गुंठ्यांची मागणी जुनी आहे. ती मान्य होण्यापूर्वी त्या जमिनीचा एक तुकडाही व्यापारी वापराला जाता कामा नये.

विकास आराखडा हा नकाशा नसून वाटणीपत्र असते. त्यावरील हरकतींची मुदत वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील जाहिरातीत येते आणि निघून जाते. ती जाहिरात वस्तीवस्तीत वाचून दाखवणे, हरकतींवर शेकडो अंगठे व सह्या घेणे आणि सुनावणीच्या दिवशी नगरपालिकेचे आवार भरून टाकणे, हे काम कोणताही बिल्डर करणार नाही. ते कार्यकर्त्यांनाच करावे लागेल. ज्यांनी हे गाव बांधले, त्यांना त्यात राहण्याचा अधिकार आहे, हे एकदा ठामपणे मांडले गेले की, सात मजल्यांची इमारत आपोआप विकासाचा पुरावा ठरणार नाही; तिलाही हिशेब द्यावा लागेल.